रिफंडची मागणी आणि रिव्ह्यूची धमकी: या चुका टाळा

दरवर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की गोव्यातल्या आमच्या मांद्र्यात कुणी ना कुणी घराच्या मागच्या दोन खोल्या रंगवतो, एसी बसवतो, मोबाईलवर फोटो काढून टाकतो आणि गेस्ट हाऊसवाला होतो. नाताळ उलटायच्या आत तोच माझ्या ओसरीवर येऊन बसलेला असतो. चेहरा उतरलेला, मोबाईल पुढे केलेला. "काका, हा म्हणतो सगळे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार टाकतो. काय करू?" मी आधी विचारतो, "आतापर्यंत काय केलंस ते सांग." मग जे ऐकायला मिळतं ते गेली अकरा वर्षं तेच आहे, फक्त सांगणारा नवीन.

माझ्या स्वतःच्या पाच खोल्या आहेत. चिऱ्याचं जुनं घर, पुढे माड, समुद्र चालत दहा मिनिटांवर. मी काही हॉटेल मॅनेजमेंट शिकलेलो नाही. हे सगळं पैसे घालवून शिकलो, त्यामुळे जी चूक मला महाग पडली तिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

गप्प बसवायला पैसे देणं

ऑगस्ट महिना होता. चौघं जण, दोन खोल्या, दोन रात्री. खोलीचा दर १,९००, म्हणजे एकूण ७,६००. पहिल्याच रात्री पाऊस धो धो, व्होल्टेज वरखाली, आणि एका खोलीतला एसी बंद पडला. साडेदहाला त्यातल्या एकाने दार वाजवून सांगितलं. पंखा चालू होता, बाहेर गारवा होता. मी म्हटलं, "सकाळी मेकॅनिकला बोलावतो," आणि झोपलो.

पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून झालं. पावसाळ्यात माझ्या निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. तिसऱ्या खोलीची चावी माझ्या उशाशी खिळ्याला लटकत होती. उठून ती द्यायची, एक चादर बदलायची, एवढंच काम होतं. मी कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, कपॅसिटर बदलला, दुपारी बारापर्यंत एसी सुरू. मंडळी दुसरी रात्र आरामात राहिली, सकाळी पाव-भाजी खाल्ली, दोनदा चहा घेतला. मला वाटलं विषय संपला. चेक-आउटला बॅगा गाडीत ठेवून झाल्यावर त्यातला एक पुढे आला. "अंकल, पूर्ण ७,६०० परत करा. नाहीतर आम्ही चौघंही एक-एक स्टार टाकतो."

तेव्हा गुगलवर माझे जेमतेम ४१ रिव्ह्यू होते, सरासरी ४.६. मी उभ्या उभ्या मनात हिशोब केला. चार एक-स्टार पडले की ४.३ वर येणार, आणि पुढे दिवाळीचं बुकिंग. घाबरलो. घासाघीस करत दोन हजारांवर आलो, नोटा हातात ठेवल्या आणि वर म्हणालो, "पण काही लिहू नका हं."

तिसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला. एक स्टार. एसी बंद होता हे एका ओळीत, आणि पुढे: मालकाने तोंड बंद ठेवायला दोन हजार दिले, यावरून काय ते समजा.

यावर मी काय उत्तर देणार होतो? बाबा खरंच बोलत होता. तक्रार करून रिव्ह्यू काढायला जावं तर तिथेही माझीच बाजू लंगडी, कारण गुगलच्या नियमात पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणं बसत नाही, तसंच वाईट रिव्ह्यू बदलून किंवा काढून घेणंही बसत नाही. नियम मी मोडला होता, त्याने नव्हे.

नंतर शांतपणे वही काढून बसलो. एक खोली, एक रात्र, एसी नाही. अर्धं भाडं परत करायला हवं होतं, म्हणजे ९५०. तेच ९५० मी त्या रात्री साडेदहाला आपणहून देऊ केले असते, तर ती भरपाई होती. तिसऱ्या दिवशी धमकीनंतर दिलेले दोन हजार लाच झाले.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. तक्रार आली की मी उठतो. रात्री दोन वाजता आली तरी उठतो. स्वतः खोलीत जाऊन बघतो, फोटो काढतो, जमत असेल तर खोली बदलून देतो. मग त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो: "खोली नंबर तीनचा एसी साडेदहापासून बंद आहे. आजच्या रात्रीचं अर्धं भाडं बिलातून कमी करत आहे." फोनवर गोड बोलून ठेवण्यात अर्थ नाही, चेक-आउटच्या वेळी दोघांनाही सोयीचंच तेवढं आठवतं. एक वही काउंटरवर असते, तीत तक्रारीची वेळ आणि दुरुस्तीची वेळ. पोरं हसतात त्या वहीला. हसू देत.

आणि रिव्ह्यू हा शब्द मी माझ्या तोंडून काढत नाही. समोरच्याने काढलाच तर माझं एकच वाक्य ठरलेलं आहे: "रिव्ह्यू तुमचा आहे, जे वाटेल ते लिहा, पैशांचं मात्र जे बिघडलं तेवढ्यापुरतं बोलू." हे आवाज न चढवता म्हणायचं आणि गप्प राहायचं. ती शांतता नवीन माणसाला सोसत नाही, तो लगेच स्वतःच आकडा बोलून बसतो. चहाचं विचारा, पाणी द्या, पण आकडा बोलू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. धमकी देणारा गेस्ट खोटाच असतो असं नाही. माझ्याकडचे ते चौघं उद्धट होते, पण एसी खरोखर बंद होता. आपल्याकडे लोक धमकीचा राग धरतात आणि त्या रागात खरी तक्रारही झटकून टाकतात. "असल्यांना एक रुपया देणार नाही!" अरे, त्याचं तोंड वाईट म्हणून तुझ्या गादीचा कुबट वास जातो का? जूनमध्ये उशांना बुरशी धरते हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मग मे महिन्यात त्या उन्हात का नाही टाकल्यास?

रात्री एक वाजता उत्तर लिहिणं

ही माझी दुसरी आवडती चूक. आवडती म्हणजे, बघून बघून कंटाळलो ती.

शेजारच्या वाड्यावरचा एक मुलगा, कष्टाळू, खोल्या स्वच्छ ठेवतो. त्याला दोन स्टार आले: मालक उर्मट, पाणी मध्येच गेलं. आता खरी हकीकत अशी की तिघांचं बुकिंग करून सहा जण आले होते, सहा जणांच्या अंघोळीत टाकी रिकामी झाली आणि याने जादा माणसांचे पैसे मागितले. याची बाजू शंभर टक्के खरी. पण याने ती लिहिली कधी, तर रात्री एक वाजता. त्यात गेस्टचं पूर्ण नाव, त्यांनी किती बाटल्या रिकाम्या केल्या तो आकडा, चादरींचं वर्णन आणि शेवटी "तुमच्यासारख्या लोकांनी गोव्यात येऊच नये."

सकाळपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट फिरले. पुढचे दोन महिने फोन करणारा प्रत्येक जण आधी विचारी, "ते चादरीवाले तुम्हीच का?" मूळ दोन स्टार कुणी वाचलेसुद्धा नाहीत, लोकांनी उत्तर वाचलं. रिव्ह्यूचं उत्तर आपण भांडलेल्या माणसाला लिहितोय असं वाटतं, पण ते वाचतो पुढच्या महिन्यात खोली शोधणारा, आणि त्याला फक्त एवढंच बघायचं असतं की उद्या आपलं काही बिनसलं तर हा माणूस कसा वागेल.

मी उत्तर आधी वहीत लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बायकोला वाचून दाखवतो. ती अर्धं कापते. "हे कशाला? हेही नको." तिने ठेवलं ते टाकतो. त्या मुलाचं उत्तर तिने असं करून दिलं: "पाणी गेल्याने तुमची गैरसोय झाली, याचं वाईट वाटतं. बुकिंग तिघांचं होतं आणि सहा जण राहिल्याने टाकी अपुरी पडली. जादा माणसांचे पैसे लागतात हे बुकिंगमध्ये लिहिलेलं आहे. आता आम्ही दुसरी टाकी बसवली आहे." चार वाक्यं. नाव नाही, बाटल्या नाहीत, चादर तर नाहीच. मात्र टाकी खरोखर बसवायला लावली आधी. न बसवता लिहिशील तर पुढच्या रिव्ह्यूत तेच येईल.

याच्या अगदी उलट एक नवीन खूळ आलं आहे. हल्ली पोरं मोबाईलकडूनच उत्तर लिहून घेतात. "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार," हेच बारा रिव्ह्यूंखाली, एका ठिकाणी तर झुरळाच्या तक्रारीखाली. झुरळाबद्दल मनःपूर्वक आभार! शिवीगाळ परवडली.

बाकीच्या चुका, थोडक्यात

"कोणत्याही परिस्थितीत रिफंड नाही" अशी पाटी लावून निर्धास्त झोपू नका. गेस्टने बेत बदलला तर बुकिंगच्या वेळी लिहून दिलेली अट लागू होते, ते ठीक. पण तुमची सेवाच सदोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. बिल न देणंही त्याच यादीत येतं. शिवाय या कायद्याने गेस्टला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. म्हणजे तो नागपुरात बसून तक्रार करणार आणि उत्तर देत बसणार तुम्ही. ९५० रुपयांसाठी.

पोलिसांचं नाव काढू नका. होय, धमकी देऊन पैसे उकळणं हा गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८ आहे. कुणी खरोखरच टोळीने तेच करत असेल तर मेसेज जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. पण काउंटरवर उभं राहून कलम सुनावलं की समोरचा मोबाईल काढून शूटिंग सुरू करतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

अ‍ॅपवरून आलेल्या बुकिंगचं बोलणं अ‍ॅपमधल्याच मेसेजमध्ये करा. एअरबीएनबीवर रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे किंवा सवलत मागणं त्यांच्याच नियमाविरुद्ध आहे, पण ती धमकी लेखी दिसायला हवी. गेस्ट तोंडी म्हणाला असेल तर तुम्ही मेसेज टाका: "आत्ता तुम्ही अमुक म्हणालात, मी बरोबर समजलो ना?" बहुतेक जण उत्तरात तेच पुन्हा लिहून मोकळे होतात.

वाईट रिव्ह्यू झाकायला आते-मामेभावांकडून पाच स्टार टाकून घेऊ नका. एका घरी अशा एका भावाने सोलकढीची तारीफ केली होती. त्या घरी गेस्टना जेवण देतच नाहीत.

रिफंड ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात करायचा. "माझ्या मित्राच्या नंबरवर टाका" म्हटलं की थांबायचं. "चुकून वीस हजार आले तुमच्याकडे, अठरा परत करा" असा फोन आला तर मेसेज बघू नका, बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघा. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता घरात कुत्र्यालाही पाठ झालं असेल. फसलात तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि शेवटची, जी चूक म्हणून कुणी धरतच नाही. रिफंडच्या निम्म्या मागण्या गेस्ट यायच्या आधीच तयार झालेल्या असतात. जुलैत येणाऱ्याला वाटतं पॅरासेलिंग होईल, समुद्रात डुंबता येईल. इथे येऊन बघतो तर किनाऱ्यावर लाल झेंडे, जीवरक्षक शिट्ट्या मारतोय, शॅक मोडून ठेवलेले. मग तो राग आपल्या खोलीवर. दुसरा तिकीट काढतो दाबोळीचं, कारण त्याला गोवा म्हणजे एकच विमानतळ माहीत. दुसरा विमानतळ मोपाचा, आमच्या पेडणे तालुक्यातच, तिथून पाऊण तासात घरी. दाबोळीहून वाहतूक असेल तर दोन तास आणि टॅक्सीचं भाडं ऐकून तो दारातच तापलेला.

म्हणून बुकिंग पक्कं झालं की मी तीन ओळींचा मेसेज पाठवतो. पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, वीज जाते, इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी चालत नाही. विमानाचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. हा मेसेज वाचून गेल्या जुलैत दोघांनी बुकिंग रद्द केलं. मी त्यांचे पैसे त्याच दिवशी परत पाठवले आणि रिकाम्या खोलीतल्या गाद्या पंख्याखाली उभ्या करून ठेवल्या.