डेटाबेसच्या व्हीएमला ह्यूज पेजेस कशी द्यावीत: होस्टपासून गेस्टपर्यंत

हापूसचा हंगाम लागला की वाशीच्या फळबाजारात पहाटेपासून गाड्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि त्याच वेळी महापेतल्या आमच्या सर्व्हर रूममधल्या एका डेटाबेसवर ताण चढतो. बाजारातले काही अडते ज्या सॉफ्टवेअरवर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या काढतात, त्याचा हा पोस्टग्रेस डेटाबेस. ४८ जीबी रॅमच्या व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजेच गेस्ट) तो चालतो; ज्या खऱ्या मशीनवर हे व्हीएम चालतं ते होस्ट. दोन हंगामांपूर्वी सकाळी सहाच्या सुमाराला तो रोज गुदमरायचा. सीपीयू भरलेला, डिस्क निवांत, आणि रॅम कुठे जाते ते कळेना. शेवटी गेस्टमध्ये ‘प्रॉक’खालची ‘मेमइन्फो’ फाइल उघडली आणि ‘पेजटेबल्स’ या ओळीपाशी थांबलो. समोर आकडा होता जवळजवळ ७ जीबी. एवढी रॅम डेटासाठी नव्हे, डेटा कुठे ठेवलाय याच्या नोंदींसाठी खर्च होत होती.

हे का होतं ते आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे आकडे त्यातूनच निघतात. इंटेल-एएमडीच्या मशीनवर लिनक्स रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतं. त्या तुकड्याला पेज म्हणतात. प्रत्येक पेजसाठी पेज टेबलमध्ये ८ बाइटची एक नोंद लागते. शेअर्ड बफर्स म्हणजे पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती डेटाची कॅशे. १६ जीबीच्या शेअर्ड बफर्ससाठी अशा ४१,९४,३०४ नोंदी, म्हणजे ३२ एमबी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते आणि दर प्रोसेसचं पेज टेबल वेगळं. ३०० कनेक्शनांनी सगळे बफर्स हाताळले, तर ९,६०० एमबी नुसत्या नोंदींत गेले.

बाजारात गाडी उतरवताना कोणी आंबा-आंबा मोजत नाही, पेट्या मोजतात. २ एमबीचं ह्यूज पेज म्हणजे ती पेटी: ४ केबीची ५१२ पेजेस एका नोंदीत. अशा ५१२ पेट्यांची गाडी म्हणजे १ जीबीचं पेज. १६ जीबीसाठी २ एमबीच्या ८,१९२ नोंदी पुरतात, म्हणजे दर प्रोसेसला ३२ एमबीऐवजी ६४ केबी.

व्हीएममध्ये प्रश्न दुप्पट अवघड होतो. गेस्टचा पत्ता आधी गेस्टच्या पेज टेबलातून जातो आणि मग होस्टच्या. चार पातळ्यांची दोन टेबलं एकमेकांत गुंतली, की एक पत्ता शोधायला मेमरीत २४ फेऱ्या पडू शकतात. दोन्हीकडे २ एमबीची पेजेस असतील तर १५. होस्टवर १ जीबी आणि गेस्टमध्ये २ एमबी असतील तर ११. सापडलेला पत्ता प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या कॅशेत ठेवतो, पण तिथे दोन्हींपैकी लहान पेजचा आकार धरला जातो. त्यामुळे गेस्टमध्ये ह्यूज पेजेस दिली आणि होस्टवर ४ केबीच ठेवली, तर पेज टेबलची रॅम वाचते, टीएलबीवरचा ताण मात्र तसाच राहतो. काम दोन्ही मजल्यांवर करावं लागतं.

फाइलींची आणि पॅरामीटरांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पायरी १: गरज आहे का ते बघा

डेटाबेसवर ऐन गर्दी असताना गेस्टमधल्या ‘मेमइन्फो’तली ‘पेजटेबल्स’ ही ओळ वाचा. रात्री निवांतपणी वाचू नका, तेव्हा कनेक्शनं कमी असतात आणि आकडा फसवतो. काही जीबी दिसले तर पुढे चला. शंभर-दोनशे एमबीच दिसले आणि शेअर्ड बफर्स एक-दोन जीबीच असतील, तर एवढ्या खटाटोपाचं चीज होणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

पायरी २: कागदावर हिशोब

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि माझं चुकलं ते इथेच. ह्यूज पेजेससाठी राखलेली रॅम दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. ती स्वॅप होत नाही (डिस्कवर हलवली जात नाही), फाइल कॅशेला वापरता येत नाही, शेजारच्या प्रोसेसला उसनी देता येत नाही. कमी राखली तर डेटाबेसला पुरत नाही, जास्त राखली तर बाकीचं मशीन उपाशी राहतं.

मी पहिल्यांदा सरळ भागाकार केला: १६ जीबी भागिले २ एमबी, ८,१९२ पेजेस. तेवढी राखली, पोस्टग्रेस सुरू केला, तो सुरू झालाही, आणि मी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी पहाटे मेमरी संपली, कर्नलने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली, आणि त्यासोबत सगळी कनेक्शनं तुटून डेटाबेस रिकव्हरीत गेला. खाली बाजारात गाड्या उभ्या, शेतकरी पट्टीची वाट बघत ताटकळलेले. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

झालं होतं असं. पोस्टग्रेसला शेअर्ड बफर्सखेरीज लॉक, वॉल (बदलांची नोंदवही) बफर वगैरेंसाठीही शेअर्ड मेमरी लागते, आणि तो सगळा खंड त्याला एकत्र हवा असतो. ८,१९२ पेजेस पुरली नाहीत. त्याची ‘ह्यूज_पेजेस’ ही सेटिंग मुळात ‘ट्राय’वर असते, म्हणजे मिळाली तर घे, नाहीतर गुपचूप ४ केबीवर चालव. त्याने तेच केलं. राखलेले १६ जीबी रिकामे पडून राहिले आणि डेटाबेसने उरलेल्या ३२ जीबीतून आणखी साडेसोळा घेतले.

म्हणून अंदाज नको, पोस्टग्रेसलाच विचारा. आवृत्ती १५ पासून ‘शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस’ हे पॅरामीटर आहे. सर्व्हर बंद करून ‘पोस्टग्रेस’ ही कमांड ‘वजा कॅपिटल सी’ आणि या पॅरामीटरच्या नावासह चालवा. डेटा डिरेक्टरी ‘वजा कॅपिटल डी’ने सांगा. आमच्याकडे उत्तर ८,४०० आलं. त्यावर थोडी सवड ठेवून ८,५०० राखली, म्हणजे १७,००० एमबी. ४८ जीबीतले उरलेले सुमारे ३१ जीबी सॉर्टिंग, कनेक्शनं, फाइल कॅशे आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यासाठी. शेअर्ड बफर्स किंवा कमाल कनेक्शनांची संख्या बदलली, की हा आकडा पुन्हा विचारायचा.

होस्टचा हिशोब सोपा आहे. व्हीएमची पूर्ण रॅम ह्यूज पेजेसवर ठेवायची: ४८ जीबी म्हणजे २ एमबीची २४,५७६ किंवा १ जीबीची ४८. क्यूईएमयूला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःसाठी थोडी साधी रॅम लागते, होस्टच्या लिनक्सलाही लागते, तेव्हा होस्ट काठोकाठ भरू नका.

पायरी ३: होस्टवर राखीव जागा

१ जीबीची पेजेस हवी असतील तर प्रोसेसरला ती जमतात का ते ‘सीपीयूइन्फो’त बघा; फ्लॅगांमध्ये ‘पीडीपीई१जीबी’ दिसायला हवा.

ही पेजेस बूट होतानाच राखा. सलग १ जीबी जागा मशीन ताजं असतानाच मिळते. दहा दिवस चाललेल्या होस्टवर रॅमचे इतके बारीक तुकडे झालेले असतात, की ४८ मागाल आणि ३ मिळतील. कर्नल त्यावर ओरडतही नाही, मिळाली तेवढी देतो. वस्तीत घरं उभी राहिल्यावर मैदानाला जागा शोधण्यासारखंच ते. ग्रब या बूटलोडरच्या कर्नल ओळीत ‘ह्यूजपेजएसझेड=१जी’ आणि त्यापुढे ‘ह्यूजपेजेस=४८’ लिहा, ग्रबचं कॉन्फिगरेशन नव्याने तयार करा आणि होस्ट रीबूट करा.

आता एक खाचखळगा. आमच्या होस्टवर दोन सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) आहेत, प्रत्येकाजवळ ६४ जीबी रॅम. सॉकेट आणि त्याच्याजवळची रॅम, अशा प्रत्येक जोडीला नुमा नोड म्हणतात. बूटच्या ओळीत नुसते ४८ लिहिले, की कर्नल ते दोन्ही नोडांत वाटतो: २४ इकडे, २४ तिकडे. आम्हाला सगळी ४८ एकाच नोडवर हवी होती, कारण दुसऱ्या सॉकेटची रॅम वाचायला जास्त वेळ लागतो. नव्या कर्नलांत ‘ह्यूजपेजेस=०:४८’ असं नोडसकट लिहिता येतं. जुन्यावर बूटच्या अगदी सुरुवातीला चालणारी सिस्टमडी सेवा लिहून ‘नोड०’च्या फोल्डरमधल्या ‘एनआर_ह्यूजपेजेस’ फाइलीत आकडा घाला. रीबूटनंतर तीच फाइल वाचून आकडा पडताळा.

२ एमबीची पेजेस होस्टवर चालतील का? चालतील, आणि लहान-मोठी बरीच व्हीएम एकाच होस्टवर असतील तर तीच सोयीची. एकच मोठं डेटाबेस व्हीएम असेल तर मी १ जीबी निवडतो.

पायरी ४: व्हीएमला सांगा

व्हीएम बंद करा. ‘व्हर्श एडिट’ या कमांडने त्याची एक्सएमएल, म्हणजे व्हीएमच्या सेटिंगची फाइल, उघडा. ‘मेमरीबॅकिंग’ टॅगच्या आत ‘ह्यूजपेजेस’, आणि त्याच्या आत ‘पेज’ टॅगमध्ये साइझ १, युनिट ‘जीआयबी’ लिहा. ‘नुमाट्यून’मध्ये मेमरीचा मोड ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘नोडसेट’ ० ठेवा. व्हर्च्युअल सीपीयूही त्याच नोडच्या कोअरांना पिन करा, नाहीतर रॅम एका सॉकेटजवळ आणि काम दुसऱ्या सॉकेटवर अशी गत होते.

व्हीएम सुरू करून नोड ० ची ‘फ्री_ह्यूजपेजेस’ वाचा. ४८ वरून ० वर आली, म्हणजे होस्टचा मजला झाला.

याची किंमतही माहीत असू द्या. या व्हीएमची रॅम बलूनिंगने कमी-जास्त करण्याचा विचार सोडा. केएसएम (सारखी पेजेस एकत्र करून रॅम वाचवणारी कर्नलची सोय) त्याची पेजेस इतरांशी जोडत नाही. दुसऱ्या होस्टवर चालू असताना हलवायचं असेल, तर तिथेही तेवढीच पेजेस आधीच राखलेली हवीत. डेटाबेसच्या व्हीएमसाठी मला हा सौदा मान्य आहे. वेब सर्व्हरच्या डझनभर छोट्या व्हीएमसाठी मी तो करणार नाही. त्यांना होस्टवरची ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (पायरी ५ बघा) पुरतात.

पायरी ५: गेस्टमध्ये

‘ईटीसी’तल्या ‘सिसकंट्रोल.डी’ फोल्डरमध्ये नवी फाइल करून एकच ओळ लिहा: ‘व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस=८५००’. मग गेस्ट रीबूट करा. फक्त सेटिंग लागू करून पुढे जाऊ नका. तुकड्यांचा जो त्रास होस्टवर होतो तोच इथेही होतो.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस हा वेगळा प्रकार आहे आणि दोघांची गल्लत फार होते. त्यात कर्नल स्वतःच्या मर्जीने, चालू कामात लहान पेजेस जोडून मोठी करतो. रेडिस आणि, बहुतेक कर्नलांवर, ऑरेकलही तो बंद ठेवायला सांगतात, कारण ही जोडणी नेमकी गर्दीत आडवी येते. मी गेस्टमध्ये ‘मॅडव्हाइज’ (प्रोग्रामने मागितलं तरच) ठेवतो, ऑरेकल असेल तर ‘नेव्हर’ (पूर्ण बंद). मोंगोडीबी वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती बघावी: ७ पर्यंत बंद ठेवायचा सल्ला होता, ८ पासून तो नेमका उलटा झाला आहे.

पायरी ६: डेटाबेसमध्ये

पोस्टग्रेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ह्यूज_पेजेस’ ‘ऑन’ करा. ‘ट्राय’वर ठेवू नका. ‘ऑन’ असताना पेजेस कमी पडली तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये कारण लिहितो. देखभालीच्या वेळेत, आपण समोर बसलेले असताना तो अडला तर दहा मिनिटांत दुरुस्त होतो. गुपचूप लहान पेजेसवर गेला तर ते पहाटे कळतं.

ऑरेकलमध्ये ‘यूज_लार्ज_पेजेस’ला ‘ओन्ली’ द्या, ‘मेमरी_टार्गेट’ काढून टाका, कारण ऑटोमॅटिक मेमरी मॅनेजमेंट आणि ह्यूज पेजेस एकत्र नांदत नाहीत, आणि ऑरेकल युजरची ‘मेमलॉक’ (रॅम अडकवून ठेवण्याची) मर्यादा एसजीएपेक्षा, म्हणजे ऑरेकलच्या शेअर्ड मेमरीपेक्षा, जास्त ठेवा. मायएसक्यूएलला ‘लार्ज-पेजेस’ हा पर्याय लागतो; शिवाय त्याच्या ग्रुपचा क्रमांक ‘व्हीएम.ह्यूजटीएलबी_एसएचएम_ग्रुप’मध्ये द्यावा लागतो.

पायरी ७: खरंच लागलं का?

डेटाबेस सुरू झाल्यावर पुन्हा गेस्टमधली ‘मेमइन्फो’. आमच्याकडे पहिल्या काही मिनिटांत असं दिसलं: ‘ह्यूजपेजेस_टोटल’ ८५००, ‘ह्यूजपेजेस_फ्री’ ८३५०, ‘ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी’ ८२५०. आमच्यातला नवा मुलगा हे बघून म्हणाला, “दादा, वापरलीच नाहीत की!” तसं नाही. आरएसव्हीडी म्हणजे डेटाबेसने नावावर केलेली पण अजून हात न लावलेली पेजेस. खरी मोकळी म्हणजे फ्री वजा आरएसव्हीडी: इथे १००. ८,५०० मधून डेटाबेसला लागलेली ८,४०० गेली की हेच उरतात, हिशोब जुळला. फ्री ८,५०० आणि आरएसव्हीडी ० दिसलं असतं, तर डेटाबेसने एकही पेज घेतलं नाही असा अर्थ झाला असता. माझ्या त्या सकाळी हेच चित्र समोर असणार, मी फक्त बघितलं नव्हतं. पोस्टग्रेस १७ पासून ‘ह्यूज_पेजेस_स्टेटस’ विचारलं की सरळ उत्तर मिळतं.

पुढच्या हंगामात सकाळी सहाला ‘पेजटेबल्स’ची ओळ वाचली, तेव्हा ७ जीबीच्या जागी दोनशे एमबीच्या आतला आकडा होता.

आता आमच्या मॉनिटरिंगमध्ये तीन इशारे कायम लावलेले आहेत: होस्टवर नोड ० ची एकूण पेजेस ४८ पेक्षा कमी झाली तर, गेस्टची टोटल ८,५०० पेक्षा कमी झाली तर, आणि ‘पेजटेबल्स’ १ जीबीच्या वर गेला तर. कर्नल अपडेटनंतर होस्ट रीबूट झाला, की व्हीएम सुरू करण्याआधी पहिला आकडा हाताने वाचायचा, हे कामाच्या यादीत लिहून ठेवलं आहे.