सुटलेला प्रश्न 'सुटला' कधी म्हणायचा?

दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शंकांसाठी आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे एकाच गणिताला चार जण उत्तर देत आणि कोपऱ्यातला एखादा प्रश्न तसाच राही. स्टार करून उपयोग नव्हता, कारण आपला स्टार फक्त आपल्यालाच दिसतो.

शेवटी गूगल शीट काढलं. रकाने तीनच: प्रकरण, प्रश्न आणि 'सुटला'. तिसऱ्या रकान्यात 'इन्सर्ट' मेनूतला चेकबॉक्स टाकला आणि फिल्टर लावून टिक नसलेल्याच ओळी समोर ठेवल्या. शीटची लिंक ग्रुपमध्ये पिन केली. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, मग पुन्हा करायची.

खरी अडचण पुढेच होती. मुलं 'कळलं ताई' लिहून लगेच टिक करत. क्रेमरच्या पद्धतीत (दोन चलांची दोन समीकरणं सोडवण्याची एक रीत) तर हे हमखास. सोडवून दिलेलं वाचताना सगळं सोपं वाटतं, पण स्वतः निश्चयक (चौकटीतल्या चार संख्यांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) मांडताना ऋण चिन्ह हरवतं आणि ९ + १६ = २५ यायच्या जागी ९ − १६ = −७ येतं. म्हणून नियम केला: टिक प्रश्न विचारणाऱ्यानेच करायची, तीही त्याच प्रकारचं दुसरं गणित सोडवून, किमती मूळ समीकरणांत घालून ताळा केल्यावर. वहीचा फोटो टाकायचा. उत्तर देणाऱ्याने टिक केली तर मी काढून टाकते. हुशार मुलांना याचा राग येतो, येऊ दे.

भूमितीच्या सिद्धतांना मात्र हा ताळा चालत नाही. तिथे प्रत्येक पायरीचं कारण फोनवर तोंडी विचारते.