गणिताची कार्यपुस्तिका निष्पत्तींना धरून आहे का? क्रियापद बघा

मी कुर्ल्यातल्या पालिका शाळेत तिसरीला शिकवते. दर जूनमध्ये कुणी ना कुणी गणिताची नवी कार्यपुस्तिका घेऊन येतं आणि मुखपृष्ठावर ‘अध्ययन निष्पत्तींवर आधारित’ असं छापलेलं असतंच. अध्ययन निष्पत्ती म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवं, ते सांगणारी वाक्यं. ते खरं आहे का, हे पडताळायला एक रविवार पुरतो.

आधी कुठली यादी धरायची ते ठरवा. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेच्या 2017 च्या यादीत तिसरीचं मूल 999 पर्यंतच्या संख्या वाचतं-लिहितं. 2021 साली आलेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात तेच लक्ष्य 9999 पर्यंत जातं. एका यादीत पुरेसं ठरलेलं पुस्तक दुसऱ्या यादीत अपुरं पडतं, म्हणून दोन्ही याद्या समोर ठेवा.

मग मोठ्या कागदावर निष्पत्ती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीतलं क्रियापद लाल पेनाने अधोरेखित करा. खरं काम इथेच आहे. ‘भागाकार’ हे नुसतं घटकाचं नाव झालं. निष्पत्ती म्हणते, मूल समान गट करून, समान वाटणी करून भागाकाराचा अर्थ सांगतं आणि पुन्हा पुन्हा वजाबाकी करून उत्तर काढतं. तेव्हा धड्याचं नाव शोधू नका. मूल हे हाताने करतं ती जागा शोधा.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका पुस्तिकेत भागाकाराची पानंच्या पानं होती, तळाला निष्पत्तीचा क्रमांकही छापलेला. सगळी उदाहरणं 12 ÷ 3 = □ अशी. वर्गाने पाढ्यांवरून पटापट सोडवली. मग मी एका मुलीपुढे 12 चिंचोके ठेवले आणि तिघींत सारखे वाटायला सांगितले. तिने पहिलीला पाच दिले, दुसरीला चार, आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बाई, तिसरीला कमी आले, चालेल?’’ वहीत तिचं उत्तर होतं 4, अगदी बरोबर. त्या दिवसापासून तळाच्या क्रमांकांवर मी विसंबत नाही.

प्रत्येक निष्पत्तीसमोर तीन खाने आखा: शिकवलंय, सराव दिलाय, चाचणीत विचारलंय. तिसरा खाना सर्वांत जास्त रिकामा राहतो. लांबीचंच बघा. निष्पत्तीत आधी अंदाज आणि मग मोजमाप आहे. पुस्तकं थेट पट्टी हातात देतात, चाचणीत अंदाज विचारतच नाहीत.

क्रमही तपासा. काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या करण्याआधीच हातच्याची वजाबाकी आली असेल, तर सगळे खाने भरूनही मूल अडतं.

आणि मराठी माध्यमासाठी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. ‘सत्तावीस’ ऐकून मूल 72 लिहितं, कारण आपण आधी सात म्हणतो, मग वीस. 2019 साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! बाजू कुठलीही घ्या, अडचण खरीच आहे. इंग्रजीतून भाषांतर झालेल्या पुस्तकात तिच्यासाठी सहसा एकही पान नसतं. म्हणून ‘संख्या वाचतो, लिहितो’ या ओळीसमोर मी ऐकून अंक लिहायचा सराव वेगळा मोजते.

खाने रिकामे निघाले म्हणून पुस्तिका परत करावी लागतेच असं नाही. तिथे आपण काय करणार ते पेन्सिलीने लिहून वार्षिक नियोजनाला तो कागद टाचा. माझ्या यंदाच्या कागदावर पाच ठिकाणी ‘चिंचोके’ लिहिलंय.