एक आई, एक पेला : पाणपिसवांचं बाळंतपण घरी कसं पाहावं

माझ्या माहेरी, पन्हाळ्याच्या पायथ्याला, गोठ्यापुढे एक दगडी डोण आहे. मार्च-एप्रिलात तिच्यातलं पाणी तांबूस दिसायला लागतं. वहिनी म्हणते, "पाण्याला गंज आला गं." ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं की तो गंज टुणटुण उड्या मारतो. त्या असतात पाणपिसवा, पाण्यात राहणारे, अंगावर कवच असलेले बारीक जीव. आपल्याकडच्या उथळ, शेणाळ पाण्यात बहुतेक वेळा मोइना नावाची जात सापडते. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची. पाण्यात प्राणवायू कमी झाला की तिच्या शरीरात हिमोग्लोबिन वाढतं, म्हणून तो तांबडा रंग.

कोल्हापुरात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मुलं थेंबभर पाणी स्लाइडवर घ्यायची, "मॅडम, दिसली" म्हणायची, आकृती काढून मोकळी व्हायची. त्या घोळक्यात कोण कोणाची आई, कोण कधी जन्मलं, काही कळायचं नाही. मग मी पद्धत बदलली. प्रत्येकाला एक पेला आणि त्यात एकच मादी. पंधरा दिवस तिच्यामागे राहायचं. पुस्तकात 'अनिषेकजनन', म्हणजे नराशिवाय पिल्लं होणं, हा शब्द पाठ केलेल्या मुलांना त्याचा अर्थ त्या पेल्यातच कळला. तीच पद्धत इथे सांगते.

पिसवा आणायला गावतळं, गुरांची डोण, अंगणातलं कमळाचं कुंड, काहीही चालेल. सकाळी लवकर जा. जुन्या नायलॉनच्या ओढणीला तारेची कडी शिवली की जाळं तयार. हलक्या हाताने आठ आकड्यासारखं फिरवा, तळ ढवळू नका. आणलेलं पाणी आधी चहाच्या गाळणीतून गाळा म्हणजे डासांच्या अळ्या आणि पाणकिडे वर राहतील, पिसवा खाली जातील. डासांसाठी औषध टाकलेल्या पाण्यातल्या पिसवा मात्र या कामाला घेऊ नका. कारण पुढे येईलच.

आता पाणी. सगळ्यात जास्त घात इथेच होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पसरट भांड्यात निदान एक दिवस उघडं ठेवा. विहिरीचं पाणी उत्तम. आरओचं नको, कारण कात टाकल्यावर नवं कवच घडवायला त्यांना पाण्यातला कॅल्शियम लागतो. आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी कधीच नको. पहिल्या वर्षी मी घरच्या तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर मुरलेलं पाणी मोठ्या विश्वासाने चाळीस पेल्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसही पेल्यांच्या तळाशी पांढुरका गाळ, आणि हलणारं काही नाही. आपल्याला गुणाचं वाटणारं तांबं या जिवांना अगदी अल्प प्रमाणातही विष आहे. तेव्हापासून काच, स्टील किंवा प्लॅस्टिक, तेही साबणाशिवाय घासलेलं. साबणाचा अंशसुद्धा त्यांना सोसत नाही.

चहाचा काचेचा पेला, त्यात साधारण 100 मिली पाणी. खायला हिरवं पाणी सर्वांत चांगलं : माशांच्या टाकीतलं जुनं पाणी बरणीत भरून आठवडाभर उन्हात ठेवलं की शेवाळाने हिरवं होतं. ते नसेल तर बेकरीचं कोरडं यीस्ट सुरीच्या टोकाएवढं घ्या, अर्धा कप कोमट पाण्यात कालवा आणि त्यातले दोन-तीन थेंब घाला. पेल्यामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं किंचित पुसट दिसावीत, पण वाचता यावीत. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ झालं तर तिने खाल्लं असं समजा. नसेल झालं तर नवा थेंब घालू नका. उपाशी ठेवून पिसवा मरतात त्याहून जास्त मी माणसांच्या मायेने मेलेल्या पाहिल्या आहेत. जास्तीचं यीस्ट कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपतो.

आई निवडायची ती अशी. ड्रॉपरचं टोक थोडं कापून रुंद करा, नाहीतर आत ओढताना ती चेंगरते. पाठ फुगलेली, आत अंड्यांचे गोळे दिसणारी मादी उचला आणि पेल्यात सोडा. सोडताना ड्रॉपरचं टोक पाण्याखाली हवं. कवचात हवेचा बुडबुडा अडकला तर ती पृष्ठभागावर तरंगत राहते. एक-दोन दिवसांत तिला पिल्लं होतील. त्यातलं एक नव्या पेल्यात हलवा. हीच तुमची खरी मादी, कारण हिची जन्मवेळ तुम्हाला ठाऊक आहे आणि हिच्या पेल्यात दुसरं कोणी कधी आलेलं नाही. चिठ्ठी लावा : तारीख, वेळ, पेला क्रमांक.

पेला 26 ते 30 अंश सेल्सिअसला, थेट उन्हापासून दूर ठेवा. दोन-तीन दिवसांत तिच्या पाठीत पहिले गोळे दिसतील. आजूबाजूला नर नाही, तिच्या जन्मापासून कधी नव्हता, आणि तरी ती गाभण आहे. मी हे सव्वीस वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी माझ्याच अंगावर काटा आला.

आता सूक्ष्मदर्शक. खळगा असलेली स्लाइड घ्या. ती नसेल तर कव्हरस्लिपच्या, म्हणजे वर ठेवायच्या पातळ काचेच्या, चार कोपऱ्यांना मेणाचे ठिपके लावा, म्हणजे मादी चिरडणार नाही. कापसाचे दोन-तीन धागे थेंबात टाका. ती त्यांत अडकून स्थिर राहते. 40 पट एवढं मोठं दिसलं तरी पुरे. कवच काचेसारखं आरपार. मधून वळत गेलेलं आतडं, खाल्लेल्या शेवाळाने हिरवं. आतड्याच्या दोन्ही बाजूंना अंडाशय. पाठीकडे हृदय, मोजता येणार नाही इतक्या वेगाने धडधडणारं. आणि त्याच्या लगेच मागे, कवचाखाली, पिल्लांची पोकळी. आईने कात टाकली की थोड्याच वेळात अंडाशयातली अंडी या पोकळीत उतरतात. सुरुवातीला नुसते गोल गोळे. संध्याकाळी पाहाल तर लांबट झालेले. पुढे प्रत्येकाला दोन तांबूस डोळे येतात, ते एकमेकांकडे सरकतात, आणि जन्मापर्यंत त्यांचा मिळून एकच काळा डोळा होतो. हे सरकणं पाहायला मिळालं तर त्या दिवशी दुसरं काही करू नका. तासातासाने चित्र काढा. पाच मिनिटांहून जास्त मात्र तिला स्लाइडवर ठेवू नका, दिव्याने थेंब तापतो.

इथे मोइना आणि तिची मोठी बहीण डॅफ्निया यांच्यात एक फरक आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. डॅफ्नियाच्या अंड्यात बलक भरपूर असतो. ती अंडी जपून बाहेर काढली तरी स्वच्छ पाण्यात वाढतात. मोइनाची अंडी बारीक, बलक अगदी थोडा. तिच्या पोकळीच्या भिंतीशी एक पोषक ऊती असते आणि त्या बंद पोकळीत आई पिल्लांना आपल्या शरीरातून पोसते. मिलिमीटरभर देहात गर्भाशयासारखीच ही सोय. म्हणून मोइनाची अंडी सुईने काढायला जाऊ नका, ती जगत नाहीत.

रोज एकाच वेळी मोजा. पेल्याखाली काळा कागद, बाजूने टॉर्च. पिल्लं ड्रॉपरने काढून वेगळ्या बरणीत टाका, आईला पेल्यातच राहू द्या. तळाशी तिची पारदर्शक कात पडलेली दिसेल, तिचीही नोंद करा. माझ्या वहीतल्या चार नंबरच्या पेल्याची नोंद अशी : जन्म मंगळवारी सकाळी. शनिवारी 6 पिल्लं, सोमवारी 11, मंगळवारी रात्री 15, गुरुवारी 14, शनिवारी 9, सोमवारी 4. बुधवारी ती तळाशी निपचित. दोन आठवड्यांच्या आयुष्यात 59 पिल्लं, एकूण एक मुली, आणि सगळ्या आईच्याच जनुकांच्या.

तुमच्या जाळ्यात शेपटीला दोन पिशव्या लटकवलेला, एका डोळ्याचा जीव आला तर तो सायक्लॉप्स. त्याचं सगळं वेगळं. त्याला नर लागतोच, मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि त्यावर अंड्यांच्या अनेक खेपा काढते. पिल्लूही आईसारखं दिसत नाही, त्याला बऱ्याच कात टाकाव्या लागतात. पायविहिरींतल्या पाण्यातून नारू पसरवणारा तो हाच. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला, पण विहिरीतलं पाणी गाळल्याशिवाय, उकळल्याशिवाय पिऊ नका हे मी मुलांना अजूनही बजावते. रोटिफर नावाचे आणखी बारीक जीवही दिसतील, त्यांचे नर तर खाण्यापुरतं आतडंही घेऊन येत नाहीत. पण ते पुन्हा कधीतरी.

आता काढलेल्या पिल्लांच्या बरणीकडे वळा. ती सगळी एकाच मादीची संतती आहे, हे विसरू नका. बरणीत गर्दी वाढू द्या, पाणी बदलू नका, खाणं कमी करा. आठ-दहा दिवसांत भिंगातून नीट पाहा : काही पिसवा लहान चणीच्या, डोक्याच्या पुढे दोन लांब, मध्ये वाकलेल्या शिंगांसारख्या शृंगिका (स्पर्शेंद्रियं). त्यांच्या टोकाला बारीक आकडे. हे नर. मादीला धरून ठेवायला ते आकडे. त्यांच्यात आणि आईत जनुकांचा काहीही फरक नाही. मुलगा की मुलगी ठरवणारं गुणसूत्रच त्यांच्याकडे नाही. गर्दी, उपासमार, दिवसाचा आखूडपणा यांची खबर आईच्या शरीरातल्या संप्रेरकातून वाढत्या अंड्याला पोचते, आणि तेच अंडं मुलगा होतं. डासांवरच्या काही औषधांत, उदाहरणार्थ पायरीप्रॉक्सिफेनमध्ये, याच संप्रेरकाची नक्कल असते. अशा पाण्यात पोटभर खाणाऱ्या आईलाही मुलगेच होऊ लागतात. म्हणून औषधाच्या पाण्यातल्या पिसवा मी सुरुवातीलाच नको म्हटल्या.

नर आले की काही माद्यांच्या पाठीवर एक अपारदर्शक, तपकिरी खवलं तयार होताना दिसेल. त्याचं शास्त्रीय नाव इफिपियम, मूळ ग्रीक अर्थ खोगीर, आणि दिसतंही अगदी खोगिरासारखं. फलित झालेलं अंडं त्याच्या आत. डॅफ्नियाच्या खोगिरात दोन अंडी, आपल्याकडच्या मोइना मायक्रुरात एकच. 59 मुली देऊ शकणारी माय आता सगळं बळ या एका अंड्यात घालते. कात टाकताना खोगीर सुटतं. तळ कोरडा पडला तरी ते टिकतं, पक्ष्यांच्या पोटातूनही सहीसलामत पलीकडच्या तळ्यात जातं. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातून निघालेली, सुमारे 700 वर्षांपूर्वीची डॅफ्नियाची अंडी उबवल्याची नोंद 2014 सालची आहे.

खोगिरं काचेच्या कडेला आणि तळाशी मिळतील. मऊ कुंचल्याने उचला, गाळणकागदावर सावलीत सुकवा, कागदाच्या पुडीत घालून अंधारात ठेवा. मी निदान तीन आठवडे ठेवते. त्यानंतर पसरट वाटीत पावसाचं किंवा विहिरीचं ताजं पाणी, त्यात खोगिरं, आणि खिडकीजवळचा भरपूर उजेड. अंधारात उबवायला ठेवू नका, उजेडाचा इशारा त्यांना लागतो. माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिलं पिल्लू दिसतं. सगळी एकदम कधीच फुटत नाहीत, म्हणून वाटी आठवडाभर तरी फेकू नका. खोगिरं मिळालीच नाहीत तर मे महिन्यात आटलेल्या तळ्याची मूठभर भुकटी माती आणा आणि तीच भिजवा. कासच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही राखीव सड्यावरची माती मात्र आणू नका. तिथल्या डबक्यांच्या जिवांना पुढचा पावसाळा गाठायला तेवढीच शिदोरी असते.

फुटून आलेलं प्रत्येक पिल्लू मादीच असतं. तिला नवा पेला द्या आणि चिठ्ठीवर नवा क्रमांक घाला, आजीचा नको. तिचे आईबाप एकाच मादीचे वंशज असले तरी त्या खोगिरात जनुकांची नवी वाटणी झाली आहे. तिच्या वाटीतल्या बहिणीही तिच्यासारख्या नाहीत. म्हणून प्रत्येकीला वेगळा पेला, वेगळी चिठ्ठी आणि वहीत वेगळं पान.