बिल छापलं, पण डेटाबेसमध्ये नाही: कनेक्शन बंद करताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला मी बिलाचा प्रोग्राम करून दिला होता. पायथन, मायएसक्यूएल ५.७, सर्व्हर म्हणून ऑफिसातला एक जुना पीसी आणि बिलं करायला दोन कॉम्प्युटर: एक पुढच्या टेबलावर, एक गोदामात. रोखीची बिलं दोन महिने बिनघोर निघाली. मग उधारीच्या बिलाची सोय जोडून दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन.

"अहो, ४१२८ नंबरची दोन बिलं झालीत. काल संध्याकाळी शेवटचं उधारीचं केलं ते एक, आत्ता रोखीचं केलं ते एक. पार्टी वेगळी, माल वेगळा. कॉम्प्युटरमध्ये मात्र एकच दिसतंय."

"अण्णा, असं होतच नाही. नंबर डेटाबेस देतो," मी छातीठोकपणे सांगितलं. तासाभरानं त्यांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी पाहिले आणि गप्प बसलो. जीएसटीच्या बिलाचा नंबर वर्षभरात दुबार चालत नाही, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

चूक एका ओळीची होती. रोखीच्या फंक्शनमध्ये शेवटी कमिट, म्हणजे केलेलं काम डेटाबेसमध्ये पक्कं करायची कमांड, होतं. उधारीचं फंक्शन मी त्याचीच कॉपी मारून केलं, त्यात खात्यावर नावे टाकायचा भाग घुसवला आणि त्या गडबडीत कमिटची ओळ उडाली. कनेक्शन बंद करायची ओळ मात्र शाबूत. पायथनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठी (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा भाग) पीईपी २४९ नावाचा ठरलेला नियम आहे. त्यात साफ लिहिलंय की कमिट न करता कनेक्शन बंद केलं तर रोलबॅक होतो, म्हणजे केलेलं काम मागं घेतलं जातं. म्हणजे उधारीचं प्रत्येक बिल टेबलात जायचं, कागदावर छापलं जायचं आणि कनेक्शन बंद झालं की टेबलातून पुसलं जायचं.

मग ही सोय जोडताना मी तपासलं तेव्हा उधारीचं बिल दिसलं कसं? कारण बिल टाकल्यावर खालची यादी मी त्याच कनेक्शनवरून भरत होतो. आपलं कच्चं काम आपल्या कनेक्शनला नेहमी दिसतं. बाकीच्यांना ते दिसतं पक्कं झाल्यावर, म्हणजे कमिटनंतर. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय: सेव्ह झालं का हे बघायचं तर दुसऱ्या खिडकीतून, दुसऱ्या कनेक्शनवरून बघायचं.

आता दुबार नंबराचं. इनोडीबीत (मायएसक्यूएल टेबलं ज्यात साठवतो ते इंजिन) आपोआप वाढणारा नंबर एकदा दिला की रोलबॅक झाला तरी परत घेतला जात नाही, म्हणून मधले नंबर गळतात. अण्णांच्या वहीतही दोन दिवसांत पाच नंबर गळालेले होते. उधारीची हरवलेली बिलं ती हीच. पण ५.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हा आकडा फक्त मेमरीत असतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलातला सगळ्यात मोठा नंबर बघून त्याच्या पुढचा दिला जातो. रात्री पीसी बंद झाला, ४१२८ पुसलं गेलेलंच होतं, सकाळी रोखीच्या बिलाला तोच नंबर मिळाला. २०१८ साली आलेल्या ८.० मध्ये हा आकडा डिस्कवर लिहून ठेवतात. तरी बिलाचा नंबर या सोयीवर सोडूच नका, गळती तिथंही आहेच. मी नंबराचं वेगळं टेबल केलं: त्यात एक ओळ, ती बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्कं होणारं किंवा एकत्र मागं जाणारं काम) लॉक करायची, म्हणजे तोवर दुसऱ्या कुणाला ती बदलता येत नाही, आणि एकनं वाढवायची. बिल रोलबॅक झालं की नंबरही मागं येतो. या उपायानं पुढं मला वेगळाच दणका दिला, तो येतोच.

"बंद केलं की सेव्ह होतंच की बे!"

गड्ड्याच्या यात्रेला गावी आलेला माझा एक मित्र माझी ही गोष्ट ऐकून असं म्हणाला. तो पुण्यात जावावर काम करतो आणि त्याच्या परीनं तो बरोबर होता. त्यांचं सगळं वर्षानुवर्षं ओरॅकलच्या डेटाबेसवर चाललेलं. ओरॅकलच्या जेडीबीसी, म्हणजे जावासाठीच्या, ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक कमांड आपोआप पक्की होणं) बंद असताना कनेक्शन रीतसर बंद केलं तर तो जाता जाता कमिट करून जातो. एसक्यूएल प्लसमधून (ओरॅकलच्या कमांड लिहायची खिडकी) एक्झिट म्हटलं तरी मुळात, म्हणजे सेटिंग बदललेली नसेल तर, कमिटच होतं. म्हणून त्यांच्या जुन्या कोडमध्ये कित्येक ठिकाणी कमिट लिहिलेलंच नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनी तोच कोड पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेला. फोन आला तेव्हा आवाज उतरला होता. "काय बे, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि डेटा नाही." पोस्टग्रेस कनेक्शन तुटलं की उघडं ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरही तेच करतात. डीबी२ चा ड्रायव्हर आणखी वेगळा: ट्रान्झॅक्शन चालू आहे, कनेक्शन बंद करता येणार नाही, असं म्हणून एरर फेकतो. मला त्याचा हा खडूसपणा आवडतो. जावाच्या अधिकृत माहितीत तर लिहूनच ठेवलंय की ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कनेक्शन बंद केलंत तर काय होईल ते ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून. तेव्हा आधी कमिट किंवा रोलबॅक करा.

माझ्या मते मित्राचा मोठा धोका पोस्टग्रेसवर गेल्यावर आला नाही, तो ओरॅकलवर असतानाच होता. कनेक्शन बंद करायची ओळ आपण 'फायनली'मध्ये ठेवतो, म्हणजे काम नीट झालं तरी आणि मध्येच एरर आली तरी ती चालते. आता बघा: स्टॉकमधून ४० डझन वजा झाले, पुढं बिलाची ओळ टाकताना एरर आली, प्रोग्राम उडी मारून 'फायनली'त गेला, कनेक्शन बंद, आणि ओरॅकलनं जाता जाता ते अर्धं काम पक्कं केलं. माल गेला, बिल नाही. अशी नोंद सापडायला वर्षअखेरीची मोजणी लागते, आणि तेव्हा संशय गोदामातल्या माणसावर जातो.

म्हणून एरर पकडली त्याच ठिकाणी रोलबॅक लिहा. सगळं नीट झालं त्या ठिकाणी कमिट लिहा. बंद करायची ओळ फक्त दार लावायला.

पूलमध्ये 'बंद' म्हणजे परत ठेवणं

वेबवरच्या प्रोग्राममध्ये कनेक्शन पूल असतो. तिथं तुम्ही क्लोज म्हटलं तरी कनेक्शन तुटत नाही, पुढच्यासाठी परत ठेवलं जातं. मग तुमच्या उघड्या ट्रान्झॅक्शनचं काय? जावाचा हिकारी सीपी हा पूल स्वतःहून रोलबॅक करतो. पायथनची एसक्यूएलअल्केमी मुळात रोलबॅक करते. टॉमकॅटच्या जेडीबीसी पूलमध्ये मात्र 'रोलबॅक ऑन रिटर्न' ही सेटिंग मुळात बंद असते. मग हॉटेलात आधीच्या गिऱ्हाईकाचं ताट उचलायच्या आत पुढचा येऊन बसावा तसं होतं: दुसऱ्याच युजरच्या कमिटनं पहिल्याचं अर्धं कामही पक्कं होतं. 'मी हे केलंच नाही' असं युजर म्हणत असेल आणि तुमचा पूल टॉमकॅटचा असेल, तर आधी ही सेटिंग बघा, नंतर युजरशी भांडा.

याच्याच जवळची, पण किरकोळ: पायथनमध्ये 'विथ' लावलं की सगळं आपोआप होतं ही समजूत. एसक्यूलाइटच्या कनेक्शनवर 'विथ' कमिट किंवा रोलबॅक करतं, कनेक्शन बंद करत नाही. पोस्टग्रेसच्या सायकोपीजी २ या ड्रायव्हरचंही तसंच. सायकोपीजी ३ मध्ये मात्र बंदही होतं. आवृत्ती बदलली की हे तपासा. आणि ट्रान्झॅक्शनच्या मध्येच टेबल बनवू किंवा बदलू नका. मायएसक्यूएल आणि ओरॅकल त्या क्षणी आधीचं सगळं काम न विचारता कमिट करतात.

लाइट गेली, आणि ट्रान्झॅक्शन सर्व्हरवर लटकलं

नंबराचं वेगळं टेबल केल्यावर मी एक हौस केली. फॉर्म उघडताच नंबर घ्यायचा, म्हणजे बिल करणाऱ्याला तो वर दिसेल. याचा अर्थ, फॉर्म उघडल्यापासून सेव्ह होईपर्यंत ती एकुलती एक ओळ लॉक.

दुपारी गोदामातल्या माणसानं फॉर्म उघडला, टॉवेल मोजायला गेला, आणि लाइट गेली. सर्व्हरला यूपीएस, पुढच्या टेबलाला यूपीएस, गोदामात नाही. दहा मिनिटांत लाइट आली, पीसी सुरू झाला. पण आता दोन्ही ठिकाणी फॉर्म उघडेना. ५० सेकंद थांबून एरर १२०५: लॉकची वाट बघण्याची मुदत संपली.

प्रोग्राम मरणं आणि मशीन मरणं यात फरक आहे, तो मला त्या दिवशी कळला. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याचं सॉकेट बंद करते, सर्व्हरला निरोप जातो आणि लगेच रोलबॅक होतो. लाइट गेली किंवा केबल निघाली तर निरोप द्यायला कुणी उरतच नाही. सर्व्हरच्या लेखी तो माणूस अजून समोर बसून विचार करतोय. मायएसक्यूएल रिकाम्या कनेक्शनसाठी मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास थांबतो. पलीकडं कुणी जिवंत आहे का हे बघणारी टीसीपीची कीपअलाइव्ह तपासणी लिनक्सवर काय आणि विंडोजवर काय, मुळात २ तासांनी सुरू होते. तोवर लॉक तसंच. पीसी पुन्हा सुरू करून फायदा नाही, कारण त्याचं नवं कनेक्शन वेगळं आणि जुनं भूत वेगळं.

शोधायचं कसं? 'शो प्रोसेसलिस्ट'मध्ये असं कनेक्शन 'स्लीप' दिसतं, म्हणून नजर त्याच्यावरून घसरते. इन्फर्मेशन स्कीमामधलं 'इनोडीबी_टीआरएक्स' हे टेबल बघा. कुठलं ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडं आहे आणि कुठल्या थ्रेडचं (म्हणजे कनेक्शनचं) आहे ते तिथं मिळतं. तो थ्रेड नंबर घेऊन 'किल' द्या. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी'त 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी अवस्था दिसते. तिथं ९.६ पासून अशी रेंगाळलेली सेशन ठराविक वेळानं तोडायची सेटिंग आहे, पण मुळात ती बंद असते.

माझ्याकडं खरा इलाज 'किल' नव्हता. माणूस विचार करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचंच नाही. आता फॉर्म भरताना डेटाबेसशी काही संबंध नाही. सेव्ह दाबल्यावर ट्रान्झॅक्शन सुरू, स्टॉक, खातं, सगळ्यात शेवटी नंबर, कमिट. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं.

हा बदल तपासताना आणखी एक खाच सापडली, नशीब की माझ्याच टेबलावर. १२०५ आली की मायएसक्यूएल मुळात फक्त शेवटची कमांड मागं घेतो, पूर्ण ट्रान्झॅक्शन नाही. माझा कोड एरर पकडून 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवत होता. स्टॉक वजा झालेला तसाच, नंबर न मिळालेला. सेव्ह पुन्हा दाबलं, स्टॉक दुसऱ्यांदा वजा, या वेळी नंबर मिळाला, कमिट. ४० डझनांच्या बिलाला ८० डझन गेले. डेडलॉकची (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) एरर १२१३ आली तर मात्र सगळं ट्रान्झॅक्शन मागं जातं. दोन एररांचा स्वभाव असा उलटा असल्यामुळं मी आता कुठलीही एरर आली तरी आधी रोलबॅक करतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

कमिट पाठवलं, उत्तर आलंच नाही

एक प्रसंग उरतो, त्याला सरळ उत्तर नाही. प्रोग्रामनं कमिट पाठवलं आणि त्याच क्षणी लाइन गेली. कमिट सर्व्हरपर्यंत पोचलं नसेल तर बिल पक्कं झालेलं नाही, आज ना उद्या रोलबॅकच होणार. पोचलं असेल आणि फक्त 'झालं' हा निरोप वाटेत हरवला असेल तर बिल पक्कं आहे. प्रोग्रामला दोन्हीकडून एकच एरर दिसते: कनेक्शन तुटलं. इथं आंधळेपणानं पुन्हा सेव्ह केलं तर बिल दुबार, सोडून दिलं तर कदाचित गायब.

मी फॉर्म उघडतानाच प्रत्येक बिलाला एक यूयूआयडी (दुबार न होणारा लांबलचक ओळख-क्रमांक) देतो आणि टेबलात त्या कॉलमवर युनिक की, म्हणजे तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारी अट, ठेवतो. कनेक्शन तुटलं तर नवं जोडून आधी विचारायचं: या यूयूआयडीचं बिल आहे का? असेल तर त्याचा नंबर घेऊन छापायचं, नसेल तर पुन्हा सेव्ह. विचारायच्या क्षणी जुनं कमिट अजून वाटेत असलं तरी युनिक की दुसरं बिल आत येऊ देत नाही. छपाई आता कमिटचं उत्तर आल्याशिवाय होत नाही, हेही त्याच दिवशी बदललं. पहिल्यापासून तसं असतं तरी उधारीची ती बिलं वाचली नसती, पण दोन कागदांवर एक नंबर छापला गेला नसता.

सगळं झाल्यावर अण्णांना म्हटलं, तुमच्यासमोर तपासू. गोदामातल्या पीसीवर त्यांनी स्वतः सेव्ह दाबलं आणि मी लॅनची केबल उपटली. पाच वेळा केलं. तीनदा बिल पक्कं निघालं, दोनदा नव्हतंच, आणि पाचही वेळा केबल लावल्यावर कागद एकच आला. अण्णांनी ते पाच कागद मोजले, गोदामातला स्टॉक मोजायला माणूस पाठवला, आणि तो परत येईपर्यंत माझ्या बिलाचा विषय काढू दिला नाही.