रात्रीत बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी या चुका टाळा

संध्याकाळी गाडी व्यवस्थित आली, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक. सगळ्यात महाग चूक इथंच होते: सांगलीत विश्रामबागला किंवा मिरजेत जाऊन थेट नवी बॅटरी बसवली जाते आणि थोड्याच दिवसांत तीही उतरायला लागते. कारणं मुळात तीन. बॅटरी चार्ज धरत नाही, तिला पुरेसा चार्ज मिळत नाही, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. यातलं कुठलं, ते कळल्याशिवाय खिशात हात घालू नका.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, दोन-तीन तास तशीच ठेवा आणि व्होल्ट मोजा. 12.6 ते 12.7 यायला हवेत. मग निगेटिव्ह केबल काढून रात्रभर सोडा. सकाळी 12.5 च्या वर असेल तर बॅटरी ठीक, दोष गाडीत आहे. 12.2 च्या खाली गेली तर बॅटरीच संपली, 10.5 च्या आसपास असेल तर बहुधा तिच्या आतला एक सेल (कप्पा) मेलाय. केबल काढताना नेहमी निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो.

गाडी बंद केल्या केल्या व्होल्ट मोजू नका. तेव्हा थकलेली बॅटरीसुद्धा 12.8 दाखवते. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दहा मिनिटांनी मोजा.

धक्का मारून चालू केली, म्हणजे भरली असं नाही

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही आकडा 13 च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), त्याचा बेल्ट आणि अर्थिंग बघा. अल्टरनेटर ठीक असला तरी अर्धी रिकामी झालेली 35 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सांगली ते मिरज एका फेरीत भरत नाही, त्यातून एसी आणि हेडलाइट चालू असतील तर नाहीच. चार्जरवर 3.5 अँपिअरने रात्रभर लावा, खोली हवेशीर ठेवा.

मीटर लावताना

गाडी बंद असताना जाणारा करंट मोजताना मीटर (मल्टिमीटर) बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावायचा नसतो. तसं केलं की मीटरचा फ्यूज उडतो. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर केबल व टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका.

सुरुवातीला दोन-चार अँपिअर दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. घाईत पहिल्याच आकड्यावर निदान केलं की चांगले पार्ट बदलले जातात. म्हणून मीटर लावण्याआधीच ड्रायव्हरची काच खाली करा, दार उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने 'बंद' स्थितीत आणा, बोनेटला स्विच असेल तर त्याचंही तसंच, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. स्मार्ट की घरात, गाडीपासून लांब ठेवा; जवळ असली तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

शेवटी 0.02 ते 0.05 अँपिअर राहिला तर ठीक. 0.3-0.4 वर अडकला असेल तर शोध सुरू करा. लगेच फ्यूज उपसायला घेऊ नका, कारण फ्यूज परत घातला की युनिट जागं होतं आणि पुन्हा थांबावं लागतं. त्यापेक्षा निगेटिव्ह केबल परत जोडा, मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात घालून मीटर मिलिव्होल्टवर आणा, पुन्हा अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना दांड्या टेकवा. शून्य आला तर त्यातून करंट जात नाही. आकडा दिसला, तो फ्यूज पकडा आणि बॉक्सच्या झाकणावर त्याची लाइन वाचा.

बहुतेक वेळा सापडतं ते

डिक्कीचा दिवा. 5 वॅटचा बल्ब 0.4 अँपिअर घेतो, बारा तासांत 5 एएच. जुन्या बॅटरीला एवढं पुरतं. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून डिक्कीत ठेवा, डिक्की बंद करा, दिवा विझतो का ते दिसेल.

बाहेरून बसवलेला स्टिरिओ. पिवळी वायर कायम सप्लायची, लाल चावीवरची. चावी काढूनही गाणी लागावीत म्हणून दोन्ही एकत्र जोडलेल्या असतात आणि सेट झोपतच नाही. डॅशकॅम, जीपीएस आणि सेंट्रल लॉक यांचंही जोडणं तपासा. अडकलेला रिले (करंटने चालणारा स्विच) हाताला कोमट लागतो.

सगळे फ्यूज निर्दोष निघाले तरी करंट जात असेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असू शकतो. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड केबल काढा, टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर वायरमनला अल्टरनेटरच दाखवा.

सांगलीत एक जास्तीची शंका घ्यायलाच हवी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बुडालेल्या गाड्या वरून स्वच्छ करून पुढे विकल्या गेलेल्या असू शकतात. पुराचा गाळ कार्पेटखालच्या कनेक्टरमध्ये राहतो, पितळी पिनांवर हिरवट बुरा चढतो आणि ओल आली की त्यातून करंट गळतो. पावसाळ्यातच बॅटरी उतरत असेल तर कार्पेट उचला, सीटखालचे जोड उघडून बघा. नुसता ब्लोअर मारून भागत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पूर्ण वाळवण लागते.

बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण सेलच्या झाकणात थेंब जाऊ देऊ नका. पाणी भरायचं तर डिस्टिल्डच. बोअरचं किंवा नळाचं नको, ॲसिड तर अजिबात नको.

दोष काढल्यावर पुन्हा मीटर लावा आणि 0.05 च्या खाली आलाय याची खात्री करा. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसतं, त्यामुळे करंट खाणारा चोर सापडला तरी ती पूर्वीसारखी राहीलच असं नाही. पूर्ण चार्ज करून सेल्फ मारताना व्होल्ट बघा, 9.6 च्या खाली जात असतील तर आता मात्र नवी बॅटरी घ्या.