हिरव्या उजेडातील पित्तनलिका: नवे तंत्र वापरले जात असताना दुर्बिणीची शस्त्रक्रिया कशी पाहावी

पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली केली आणि भारतात या पद्धतीचा पाया घातला गेला. आज ती इतकी नित्याची झाली आहे की तिच्यातील धोका विसरायला होतो. पित्ताशयाला मुख्य पित्तनलिकेशी जोडणारी पित्ताशयनलिका समजून, यकृतातील पित्त आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिकाच कापली जाणे हा तो धोका होय. असे क्वचितच घडते, पण ज्याच्या बाबतीत घडते त्या रुग्णाची पुढची अनेक वर्षे त्यात जातात. हे टाळण्यास मदत व्हावी म्हणून इंडोसायनिन ग्रीन, म्हणजेच आयसीजी, हे रंगद्रव्य आणि अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा यांचा वापर आता अनेक शस्त्रक्रियागृहांत होऊ लागला आहे. शस्त्रक्रियाशास्त्राच्या निवासी डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहताना नेमके काय पाहावे, हे येथे सांगत आहे.

शस्त्रक्रियागृहात पाऊल ठेवण्याआधी रंगद्रव्याचा प्रवास समजून घ्यावा. आयसीजी शिरेतून दिले की ते रक्तातील प्रथिनांना चिकटते, तीन-चार मिनिटांतच रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, यकृत ते उचलून घेते आणि कोणताही बदल न करता पित्तात सोडते. सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात ते उजळते आणि त्याहून किंचित लांब तरंगाचा प्रकाश बाहेर टाकते. हा प्रकाश मानवी डोळ्याला दिसत नाही. पडद्यावर दिसणारा हिरवा रंग यंत्राने चढवलेला असतो, आणि बाटलीतील द्रावणही हिरवेच असल्यामुळे नवख्या निरीक्षकाला नलिकेतून हिरवे पित्त वाहताना दिसते आहे असे वाटते. हा गैरसमज मनातून काढल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळणार नाही, कारण कॅमेरा किती जवळ आहे आणि यंत्राची संवेदनशीलता किती ठेवली आहे, यावर त्या हिरव्या रंगाची तीव्रता बदलते.

सर्वांत आधी घड्याळ पाहावे. पित्तनलिका पाहण्यासाठी बहुधा २.५ मिलिग्रॅम मात्रा देतात, आणि ती शस्त्रक्रियेच्या निदान अर्धा ते पाऊण तास आधी द्यावी लागते. काही शस्त्रवैद्य ती कित्येक तास आधी देणेच पसंत करतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एकदा रुग्ण टेबलावर आल्यानंतर इंजेक्शन दिल्याचे मी पाहिले. कॅमेरा बदलताच सारे यकृत इतके झगझगू लागले की त्याच्या शेजारची नलिका वेगळी ओळखताच येईना. सरांनी शांतपणे साधा प्रकाश पुन्हा सुरू करायला सांगितला आणि नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया पूर्ण केली. त्या दिवसापासून माझ्या वहीतील पहिली नोंद इंजेक्शनच्या वेळेची असते. वॉर्डातील सिस्टरांना ती वेळ विचारून घ्यावी. या औषधाच्या बहुतेक बाटल्यांत सोडियम आयोडाइड असते, म्हणून रुग्णाला आयोडीनची ॲलर्जी आहे का, हे भूलतज्ज्ञ कधी आणि कसे विचारतात, याकडेही लक्ष द्यावे.

उभे राहण्याची जागा आधीच विचारून ठरवावी. निर्जंतुक ट्रॉलीपासून अंतर राखून, भूलतज्ज्ञांच्या वाटेत न येता, पडदा आणि शस्त्रवैद्याचे हात दोन्ही दिसतील असा कोपरा निवडावा. केवळ पडदा पाहायचा असेल तर ध्वनिचित्रफीतही पुरे. प्रत्यक्ष उपस्थितीचा लाभ हात, बोलणे आणि थांबणे पाहण्यात आहे. रुग्णाची संमती घेतली आहे याची खात्री करावी, वहीत त्याचे नाव लिहू नये आणि मोबाइल बाहेरच ठेवावा.

आता मुख्य भागाकडे येऊ. शस्त्रवैद्य साध्या प्रकाशात पित्ताशय वर उचलतात, कॅलोटचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयनलिका, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधील जागा, दिसू लागतो. अजून काहीही सोडवलेले नसते. याच क्षणी, हिरवा प्रकाश सुरू होण्यापूर्वी, वहीत एक छोटी आकृती काढावी: माझ्या मते पित्ताशयनलिका कुठे आहे, ती मुख्य नलिकेला कुठे मिळते, रूव्हिएरची खाच (यकृताच्या खालच्या पृष्ठभागावरील, दिशा ओळखण्यास उपयोगी पडणारी चीर) कुठे दिसते. त्यानंतर प्रकाश बदलला की आकृती ताडून पाहावी. जो आधी अंदाज बांधत नाही, त्याला हिरवी रेघ दिसताच ‘हे तर मला ठाऊकच होते’ असे वाटू लागते आणि त्या दिवशी तो काहीही शिकत नाही. प्रत्येक वेळी प्रकाश बदलताना हीच कृती पुन्हा करावी आणि प्रकाश बदलल्यानंतर शस्त्रवैद्याने काय बदलले तेही टिपावे. हुकची, म्हणजे ऊती सोडवण्याच्या आकडीसारख्या उपकरणाची, दिशा बदलली का? पित्ताशयाच्या अधिक जवळ राहून सोडवायला सुरुवात केली का? की प्रकाश पाहिला आणि पूर्वीचेच काम पुढे चालू ठेवले? नव्या साधनाने निर्णय बदलला की केवळ खात्री वाढली, हे ओळखणे मला या साऱ्या निरीक्षणातील सर्वांत मोलाचे वाटते.

प्रकाश जिथे फसतो तिथे अधिक वेळ द्यावा. ऊतींमधून तो सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीपर्यंतच दिसतो. त्यामुळे चरबी जाड असेल किंवा सुजेमुळे सारे एकमेकांना चिकटलेले असेल, तर जिथे मदतीची सर्वाधिक गरज असते तिथेच तो फिका पडतो. पित्ताशयनलिकेत खडा अडकला असेल तर त्यापलीकडे रंगद्रव्य पोहोचत नाही. पित्ताशयाला छिद्र पडून पित्त सांडले तर सारे क्षेत्रच हिरवे होते. म्हणूनच केवळ सोप्या शस्त्रक्रिया पाहून मत बनवू नये. तीव्र सूज असलेल्या पित्ताशयाची निदान एक तरी शस्त्रक्रिया पाहावी.

आणि नलिका कापण्याआधी ती बंद करणारी क्लिप लावण्यापूर्वीचा क्षण चुकवू नये. शस्त्रवैद्य स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेल्या सुरक्षित दृश्याच्या, म्हणजे काहीही कापण्यापूर्वी जे स्पष्ट दिसायलाच हवे त्याच्या, तीन अटी आजही त्याच आहेत: त्रिकोणातील चरबी आणि तंतुमय ऊती पूर्ण साफ झालेल्या असाव्यात, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयाकडे दोन आणि दोनच रचना, म्हणजे पित्ताशयनलिका आणि पित्ताशयाची धमनी, जाताना दिसाव्यात. हिरवी नलिका दिसली म्हणून यांतील एकही अट माफ होत नाही. तीनही पूर्ण झाल्या का, हे स्वतः मोजावे. एखादी अपुरी राहिली असे वाटले तर त्या क्षणी मध्येच बोलून लक्ष विचलित न करता मार्गदर्शकांशी नंतर बोलावे. मात्र रुग्णाला धोका आहे असे स्पष्ट दिसत असेल तर कनिष्ठ आहोत म्हणून गप्प राहू नये.

शस्त्रक्रिया संपल्यावर शस्त्रवैद्याला एकच प्रश्न विचारावा: हा प्रकाश नसता तर आपण कोणत्या टप्प्यावर वेगळे वागला असतात? यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी हजर असेल तर यंत्राच्या मांडणीविषयी त्याच्याकडून जरूर शिकावे, परंतु उपयुक्ततेविषयीचे मत आपल्या वहीतील नोंदींवरूनच बनवावे. परिषदांत दाखवलेल्या चित्रफिती बहुधा कापून-जोडून नेटक्या केलेल्या असतात. मिळाल्यास न कापलेली चित्रफीत मागून पाहावी, कारण कॅमेरा पुसण्यात, यंत्र जुळवण्यात आणि संभ्रमात गेलेली मिनिटे तिथेच सापडतात.

पित्त गळत असेल तर ते पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर, ताप, पोट फुगणे किंवा वाढत जाणारे दुखणे यांतून कळते. म्हणून टाके पाहण्यासाठी रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येईल त्या दिवशी तिथे हजर राहावे, आणि त्या शस्त्रक्रियेच्या पानावरची शेवटची नोंद त्या भेटीनंतर करावी.